आजीच्या डब्यातली 'उर्दू' नाणी: कुणाची, कुठली, कशी ओळखायची

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात परत मांडतो, म्हणजे माझं काही चुकत असेल तर लगेच सांगता येईल. आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत पितळी डबा निघाला, त्यात नऊ चांदीची नाणी. पाच लहान, जाड, कडा वेड्यावाकड्या. तीन मोठी, गोल, पातळ आणि त्यावर कसलीतरी इमारत. एक चौकोनी. शेजारच्या चाचांना दाखवली, त्यांना उर्दू उत्तम येतं, अरबीही वाचतात, पण त्यांना एक ओळ धड लागली नाही. सराफानं वजन करून, घट धरून चांदीचा भाव सांगितला. आणि काका म्हणतेत की विजापूर शंभर किलोमीटरवर आहे म्हणजे ही आदिलशाहीच असणार, लाखाचा माल आहे, कुणाला दाखवू नका. आता यातलं खरं कुणाचं आणि ओळखायचं कसं, हे तुम्हाला हवंय.

मी पंचवीसेक वर्षं दख्खनची नाणी गोळा करतोय आणि सोलापूर, अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढा या बाजूच्या घरांतनं निघालेली शेकड्यांनी हाताळलीत, त्यामुळं जे सांगतो ते अनुभवातनं सांगतो. पण फोटो अंधूक आहेत, पाचपैकी दोनच नाण्यांच्या दोन्ही बाजू दिसतात आणि वजन एकाचंही लिहिलेलं नाही. म्हणून काही गोष्टी आत्ताच ठामपणे सांगता येतील आणि काही तुम्ही वजन आणि नवे फोटो दिल्यावर.

सगळ्यात आधी एक गोष्ट. अशी नाणी घेऊन येणारा प्रत्येक जण विचारतो की यावर काय लिहिलंय, कुठल्या राजाचं नाव आहे. मीही सुरुवातीला तेच विचारायचो. पण आपल्या भागातल्या चांदीच्या नाण्यांना हा प्रश्न पुरत नाही, कारण नाव एकाचं आणि नाणं पाडणारा दुसराच, हे इथं शंभर वर्षं चाललेलं आहे. पुण्यात पेशव्यांच्या अमलात पडलेला अंकुशी रुपया घ्या, त्यावर दिल्लीच्या बादशहाचं नाव फार्सीत. कंपनी सरकारनं पाडलेला सुरती रुपया घ्या, त्यावर शाह आलम बादशहा. निजामाच्या टांकसाळीतला १८५७ च्या आधीचा रुपया घ्या, त्यावरही मोगल बादशहाच. कारण साधं आहे, रुपया चालला पाहिजे, सराफानं बिनबोभाट घेतला पाहिजे, आणि लोकांचा विश्वास त्या जुन्या ठशावर होता. नवा ठसा म्हणजे लगेच बट्टा. आपण 'नावाला बट्टा लागला' म्हणतो तो बट्टा हाच, अनोळखी किंवा झिजलेल्या नाण्यावर सराफ कापून घ्यायचा तो. म्हणून राजाचं नाव शेवटी बघायचं. आधी वजन, मग घडण, मग टांकसाळीचं नाव आणि खूण, मग साल, आणि मग नाव.

चाचांना वाचता आलं नाही यात त्यांची काही चूक नाही, हे त्यांनाही सांगा. एक तर भाषा फार्सी आहे, उर्दू नाही. दुसरं, ओळी एकाखाली एक सरळ नसतात, शब्द एकमेकांवर रचलेले असतात, कवितेचा पहिला शब्द मधोमध आणि दुसरा शब्द खाली असं काहीही असतं. नुक्ते म्हणजे अक्षरांचे ठिपके कारागीर जागा मिळेल तिथं मारायचा किंवा सोडूनच द्यायचा. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान असायची, त्यामुळं एका नाण्यावर ठशाचा फक्त काही भाग उमटतो, बाकीचा मजकूर चकतीच्या बाहेर गेलेला असतो. म्हणजे चाचांसमोर तुम्ही अर्ध्या फाटलेल्या कागदाचा तुकडा ठेवला होता. हे कौशल्य वाचायचं कमी आणि आठवणीतल्या पूर्ण ठशाशी तुकडा जुळवायचं जास्त आहे. एकाच प्रकारची तीनचार नाणी शेजारी ठेवली की एकात नसलेला भाग दुसऱ्यात सापडतो, मी कित्येक वेळा असंच कागदावर पूर्ण ठसा काढून घेतलाय.

आता वजन. सराफाकडं तोळ्यामाशाच्या हिशोबात नको, शंभर मिलिग्रॅमवर अडणारा काटाही नको, दोन दशांश दाखवणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो तो घ्या आणि प्रत्येक नाणं वेगवेगळं मोजून लिहून ठेवा. मोगल रुपया साधारण ११.४ ते ११.६ ग्रॅम, झिजलेला असेल तर ११.२ पर्यंत उतरतो. ही परंपरा शेरशाह सूरीपासूनची, त्यानंच १६ व्या शतकात हा रुपया बसवला आणि मोगलांनी तो पुढं चालवला. १८३५ नंतरचा, राजाराणीचा चेहरा असलेला कंपनीचा आणि ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. निजामाचा हाली रुपया ११.१८ च्या आसपास. बहमनी सुलतानांचा टंका, म्हणजे त्यांचं चांदीचं नाणं, त्याहून हलका, पावणेअकरा ते अकरा ग्रॅम. साडेपाच-पावणेसहाच्या घरात भरलं तर ती अधेली, म्हणजे अर्धा रुपया. नुसतं वजन लिहिलंत तरी निम्मं काम झालं, आणि वजन ९ किंवा १३ ग्रॅम असलं काहीतरी आलं तर तिथंच सावध व्हायचं.

तुमच्या तीन मोठ्या नाण्यांबद्दल मला शंका नाही. ती इमारत चारमिनार आहे. हा हैदराबादच्या निजामाचा हाली सिक्का, मशीनवर पाडलेला, म्हणून कडा गोल आणि सारख्या. चारमिनारच्या मधल्या कमानीत बारकाईनं बघा, एकच अक्षर असतं. मीम असेल, म्हणजे वर छोटी गोल गाठ आणि खाली शेपूट, तर मीर महबूब अली खान, ज्यांची कारकीर्द १९११ ला संपली. ऐन असेल, म्हणजे वर उघड्या तोंडाचा हुक आणि खाली पोटासारखा वळसा, तर मीर उस्मान अली खान, शेवटचे निजाम. याच नाण्यांवर कुठंतरी ९२ हा आकडाही दिसेल आणि तो बघून लोक १८९२ किंवा १९९२ समजतात. ते साल नाही. अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला किंमत असते, मीम चाळीस, 'हे' या अक्षराचे आठ, परत मीम चाळीस, दाल चार, बेरीज ब्याण्णव, म्हणजे मुहम्मद हे नाव.

आणि ही तीन नाणी आजीकडं का, याचं उत्तर तुम्ही स्वतःच लिहून गेलात. आजीचं माहेर नळदुर्गचं. नळदुर्ग, तुळजापूर, धाराशिव हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा, आपल्याकडची जुनी माणसं त्याला अजून 'मोगलाई' म्हणतात. सोलापूर ब्रिटिशांचं. तुळजापूरच्या रस्त्यानं थोडं पुढं गेलं की राज्य बदलायचं, नाणं बदलायचं, आणि सात हाली रुपयांना सहा कंपनी रुपये असा हिशोब करावा लागायचा. आजीला माहेरहून मिळालेले, लग्नात ओटीत पडलेले, भावानं भाऊबीजेला घातलेले असे हे रुपये असणार असं मला वाटतं. नाण्यांच्या बाजारात हे भरपूर मिळतात, चांदीही ८१.८ टक्केच आहे, तेव्हा पैशाच्या हिशोबानं फार मोठी अपेक्षा ठेवू नका. पण नाणं ओळखायला घरातला इतिहास किती कामाला येतो ते बघा. मला कुणी नाणं दाखवलं की मी आधी विचारतो की घर मूळचं कुठलं, आजी-पणजीचं माहेर कुठलं, घरात कुणी गिरणीत, पलटणीत किंवा हजला गेलं होतं का.

हजचं मुद्दाम लिहितोय. एकदा बेगम पेठेतल्या एका घरातनं असाच एक मोठा गोल रुपयासारखा दिसणारा शिक्का माझ्याकडं आला, वजन ११.६ ग्रॅम, सगळं अरबी, मी दोन दिवस निजाम आणि अफगाणिस्तान यांच्यात अडकलो होतो. शेवटी कळलं की ते १३५४ हिजरीचं, म्हणजे १९३५ चं, सौदी रियाल आहे. त्या काळात सौदीनं आपला रियाल हिंदुस्थानी रुपयाच्या वजनाचा आणि कसाचा ठेवला होता. त्या घरातल्या आजोबांनी तो हजवरून आठवण म्हणून आणलेला. वजन बघून मी हिंदुस्थानी ठरवून टाकलं, ही माझी चूक, तेव्हापासून वजनाच्या बरोबरीनं घडणही बघतो.

आता तुमची पाच जाड नाणी, खरा जीव यांच्यात आहे. फोटोवरनं ती हातानं, घणानं पाडलेली दिसतात आणि मोगल धर्तीची आहेत. काकांचं आदिलशाहीचं म्हणणं मला पटत नाही, आणि याचं कारण सांगतो. आदिलशाहीचं तांबं भरपूर सापडतं, पण चांदी फार कमी. त्यांची चांदीची ओळखीची वस्तू म्हणजे लारी, तार मधोमध दुमडून त्यावर ठसा मारलेली, केसातल्या आकड्यासारखी दिसते. गोल जाड रुपया दिसला की आदिलशाही, हे समीकरण विजापूर जवळ असल्यामुळं आपल्या डोक्यात बसलंय एवढंच. औरंगजेबानं १६८६ मध्ये विजापूर घेतलं, त्यानंतर तिथं पडलेले रुपये आहेत, पण ते मोगलांचे आणि त्यावर शहराचं नाव दारुज्जफर विजापूर असं येतं.

नाणं कसं धरायचं ते सांगतो. दोन्ही बाजूंपैकी एका बाजूला एक लांब आडवी ओढलेली रेघ शोधा, बहुतेक ती 'जुलूस' या शब्दातली शेवटची सीन, म्हणजे 'स' हे अक्षर, असते. त्या बाजूचा मजकूर ठरलेला आहे, 'सनह जुलूस मैमनत मानूस, ज़र्ब' आणि पुढं टांकसाळीचं गाव. अर्थ असा की शुभ राज्यारोहणाचं अमुकावं वर्ष, अमुक ठिकाणी पाडलं. ज़र्ब म्हणजे घाव, ठोका. हा शब्द सापडला की त्याच्या शेजारचाच शब्द गावाचा. जुलूसच्या आसपास जो एक-दोन आकडी अंक दिसेल ते राज्याचं वर्ष, पहिलं वर्ष असेल तर अंकाऐवजी 'अहद' असा शब्द असतो. दुसऱ्या बाजूला बादशहाचं नाव किंवा नाव गुंफलेली कविता, आणि बहुतेक तिथंच हिजरी साल.

अंक शिकायला दहा मिनिटं पुरतात. उभी काडी म्हणजे एक. नुसता ठिपका म्हणजे शून्य. छोटं वर्तुळ किंवा बदामासारखा आकार म्हणजे पाच. वर उघडा चिमटा म्हणजे सात, आणि तोच उलटा, घराच्या छपरासारखा, म्हणजे आठ. सहा हा इंग्रजी सातासारखा दिसतो आणि लोक तिथं हमखास फसतात. नऊ इंग्रजी नवासारखाच. दोन आणि तीन काठीला वर एक आणि दोन दात फुटल्यासारखे. आणि लिपी उजवीकडून डावीकडं असली तरी आकडे डावीकडून उजवीकडंच वाचायचे, आपल्यासारखेच. याला अपवाद टिपू सुलतानचा, त्यानं स्वतः सुरू केलेल्या मौलूदी सनाचे आकडे उजवीकडून डावीकडं लिहिलेत.

हिजरी सालाचं इसवी करायला मी तोंडी असा हिशोब करतो, शेकड्याला तीन वजा करायचे आणि ६२२ मिळवायचे. ११०० असेल तर ३३ वजा, १०६७, अधिक ६२२, म्हणजे १६८९. एखाद्या वर्षाचा फरक पडतो, चालतं. चारमिनारवर १३३७ असेल तर ४० वजा करून १२९७, अधिक ६२२, म्हणजे १९१९. याच्यात अजून एक उपयोग आहे. हिजरी साल आणि राज्यवर्ष एकमेकांशी जुळलं पाहिजे. औरंगजेबाच्या ११०० सालच्या नाण्यावर राज्यवर्ष ३२ किंवा ३३ च येणार. तिथं १५ दिसलं तर एकतर तुम्ही अंक चुकीचा वाचला किंवा नाणं खोटं आहे, पुढं जायच्या आधी थांबायचं.

आता कलमा, म्हणजे इस्लामवरची श्रद्धा सांगणारं अरबी वचन. कलमा मधोमध आणि भोवती चार खलिफांची नावं असं दिसलं तर शाहजहान किंवा त्याच्या आधीचा काळ धरायचा. औरंगजेबानं नाण्यावर कलमा घालणं बंद केलं, नाणं हातोहात फिरतं, पायाखाली येतं, पवित्र शब्दांचा अवमान नको म्हणून. त्याच्या रुपयावर त्याऐवजी ही कविता येते, 'सिक्का ज़द दर जहाँ चू बद्र-ए-मुनीर, शाह औरंगज़ेब आलमगीर', म्हणजे शाह औरंगजेब आलमगीरनं जगात पूर्णचंद्रासारखं नाणं पाडलं. सोन्याच्या मोहरेवर बद्रच्या जागी मिहर, म्हणजे सूर्य. चांदीला चंद्र, सोन्याला सूर्य. हा एक शब्द मला पहिल्यांदा स्वतःला वाचता आला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी घरातल्यांना उठवून दाखवलं होतं.

नाव शाह आलम बादशहाचं असेल तर मात्र तिथंच खरं काम सुरू होतं. तो १७५९ ला गादीवर आला, १८०६ ला गेला, आणि त्याच्या नावानं अर्ध्या हिंदुस्थानानं नाणी पाडली. इथं मजकूर सोडा आणि खुणा शोधा. हत्तीचा अंकुश दिसला तर पुण्याकडचा अंकुशी. अंकुशीवर गावाचं नाव दिसलंच तर मुहियाबाद पूना असं येतं, ते पुण्याला औरंगजेबाच्या काळात दिलेलं नाव. १८१८ ला पेशवाई गेल्यावरही कंपनीनं अंकुशी चालू ठेवला आणि त्यावर फसली, म्हणजे महसुलाच्या हिशोबाचं, साल घातलं, ते हिजरी समजून वाचलं तर घोटाळा होतो, फसलीत ५९० मिळवले की इसवी येतं. नाशिकच्या टांकसाळीचं नाव गुलशनाबाद, चांदवडचं जाफराबाद. किनार एकदम सरळ, यंत्रावर घासल्यासारखी असेल आणि राज्यवर्ष ४६ असेल तर तो कंपनीचा सुरती रुपया, त्यांनी तेच वर्ष पुढं गोठवून ठेवलं. किनार, खूण, गाव, गोठलेलं वर्ष. दिल्लीच्या बादशहानं यातलं एकही नाणं डोळ्यानं बघितलं नसेल.

आता पाच जाड नाण्यांतल्या तिसऱ्या नाण्याकडं येतो, ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसलो. फोटोत खालच्या कडेला, अर्धं कापलेलं, मला वाटतं 'पूर' दिसतंय. आता पूर म्हटलं की आपण सोलापूरकर लगेच सोलापूरच वाचतो. पण बुऱ्हाणपूर आहे, विजापूर आहे, अजून कितीतरी पूर आहेत. शेवटचं पे-वाव-रे सगळ्यांत सारखंच, म्हणून फरक त्याच्या उजवीकडं शोधायचा. विजापूरमध्ये जीम असतो, त्याचं पोट खाली येतं आणि त्याच्यानंतर उभी अलिफ. बुऱ्हाणपूरमध्ये पूरच्या लगेच आधी नूनचा ठिपका. सोलापूर नाण्यावर 'शोलापूर' असं येतं, सुरुवातीला शीन, त्याच्यावर तीन ठिपके, मग वाव, आणि मग लाम-अलिफ, म्हणजे दोन उभ्या काड्या तळाशी एकमेकीत अडकलेल्या. ती जोडी हीच आपल्या गावाची खूण. तुमच्या फोटोत त्या जागी एक उभी काडी नक्की आहे, दुसरी आहे की नुसता ओरखडा आहे ते मला अजिबात कळत नाही.

सोलापूरला टांकसाळ कशी, असं लोक विचारतेत. औरंगजेब १६८५ ला सोलापुरात येऊन बसला आणि इथनंच पुढं विजापूरच्या वेढ्याला गेला. तेवढं मोठं लष्कर, तेवढे घोडे, तेवढा बाजार, पगाराला रोख लागणारच. नंतर १६९५ ते १६९९ त्याची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती, आपल्या मंगळवेढ्याजवळ, माचणूरच्या बाजूला. तुम्ही म्हणता आजीचं सासर मंगळवेढा तालुक्यातलं. म्हणून सुरतेला पडलेला औरंगजेबी रुपया इकडच्या एखाद्या घरात निघाला की मला आश्चर्य वाटत नाही, लष्कराबरोबर पैसा येतो आणि लष्कर गेल्यावर काही मागं राहतो. शोलापूर टांकसाळीचा औरंगजेबी रुपया सुरतेच्या मानानं खूप कमी दिसतो आणि सोलापूरकराच्या घरात तो असावा ही गोष्ट मला पैशापेक्षा मोठी वाटते.

चौकोनी नाण्याबद्दल मन घट्ट करा. अकबराचे चौकोनी रुपये खरोखर आहेत, पण बाजारात फिरणारे बहुतेक चौकोनी तुकडे म्हणजे नंतरच्या काळात बरकतीसाठी, पूजेसाठी, ताईतासाठी पाडलेले कलम्याचे टोकन. त्यांची अक्षरं जाडजूड, मऊ, सगळी चौकटीत नीट बसलेली. खऱ्या नाण्यावर अक्षरं धारदार असतात, वळणात जोर असतो, आणि मजकूर कडेला कापला जातो. मजकूर पूर्ण आणि कडा सारख्या, म्हणजे संशय. तरी वजन ११.४ च्या जवळ आलं आणि 'अल्लाहु अकबर जल्ल जलालुहू' सारखा अकबराच्या नाण्यांवरचा मजकूर निघाला तर मी माझं म्हणणं मागं घ्यायला तयार आहे.

खोटी नाणी ओळखायची तर कडेला बोट फिरवा. ओतीव नाण्याला कडेवर बारीक सांध्याची रेघ असते किंवा ती घासून काढल्याच्या खुणा, आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी बुडबुड्यांची भोकं. आणि दोन नाण्यांवर ठसा अगदी त्याच जागी, त्याच ठिकाणी कापलेला, तोच ओरखडा तिथंच, तर दोन्ही एकाच साच्यातली. खऱ्या नाण्यांत हातोडा दरवेळी वेगळा पडतो. नाण्यावर छोटे गोल, चांदणीसारखे किंवा रेघेचे दाबलेले छाप दिसले तर घाबरू नका, ते जुन्या सराफांचे पारखल्याचे छाप, उलट ते नाणं खरोखर बाजारात फिरल्याची साक्ष देतात.

चांदीची खात्री घरी करता येते. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं पातळ दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा, जो आकडा येईल त्यानं नाण्याचं कोरडं वजन भागा. ११.४० ला १.१० नं भागलं की १०.३६ येतं, ही चांगली मोगल चांदी. हालीचं १०.१ च्या आसपास येईल. साडेआठ-पावणेनऊ आलं तर ते जर्मन सिल्व्हर, म्हणजे चांदी नसलेला मिश्रधातू. एक थेंबाचा फरकही आकडा हलवतो, म्हणून तीन वेळा मोजा.

आत्तापर्यंतचं दोन वाक्यात: तीन हाली नक्की, चौकोनीवर माझा भरवसा नाही, आणि पाच जाड नाणी मोगल धर्तीची, आदिलशाही नव्हेत. त्यांचं गाव आणि वर्ष वाचल्याशिवाय कुणीही तुम्हाला किंमत सांगितली तर ती ऐकू नका, मग तो दहा हजार म्हणो की दहा लाख.

आता मी तळमळीनं सांगतोय ते ऐका, नाणी धुवू नका. चिंच नको, लिंबू नको, टूथपेस्ट नको, रांगोळी नको, सराफाचं आम्ल तर अजिबात नको. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एक काळाकुट्ट रुपया चिंच-मीठ लावून ब्रशनं घासला, आरशासारखा चकचकीत केला आणि मग ध्यानात आलं की त्या काळ्या थरातच अक्षरांच्या कडा टिकून होत्या, टांकसाळीचं नाव मी स्वतःच्या हातानं पुसून टाकलं होतं. ते नाणं अजून माझ्याकडं आहे. तुमच्या नाण्यांत आजीच्या पूजेचं कुंकू बसलंय असं तुम्ही लिहिलंय, ते तर राहूच द्या. खोलगट जागेत लाल आणि उंच अक्षर पांढरं, असं वाचायला उलट सोपं जातं. फार तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडा वेळ ठेवा आणि मऊ कपड्यानं टिपून घ्या, घासायचं नाही. आणि त्याला कडी डागून कुणाच्या गळ्यात घालायचा विचार घरात निघाला असेल तर तोही थांबवा.

कायद्याचंही बघून ठेवा. घरातल्या ट्रंकेतनं निघालेलं नाणं वेगळं आणि जमिनीतनं निघालेलं वेगळं. शेत नांगरताना, पाया खणताना, जुनी भिंत पाडताना धन सापडलं तर १८७८ च्या गुप्तनिधी कायद्यानं कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. तुमच्या मामेभावाच्या शेताचा जो विषय तुम्ही शेवटी ओझरता लिहिलाय त्यासाठी हे सांगितलं, तिथं लपवाछपवी करू नका. आणि शंभर वर्षांपूर्वीचं काहीही परदेशात पाठवणं १९७२ च्या कायद्यानं बंद आहे, त्यामुळं ऑनलाइन कुणी परदेशी माणूस कुरिअरनं मागत असेल तर सरळ नाही म्हणा. सराफकट्ट्यावर आटवायला तर देऊच नका, चांदीचा भाव उद्याही मिळेल.

फोटो असे काढा. खोली थोडी अंधारी करा, नाणं काळ्या कपड्यावर ठेवा, फ्लॅश बंद, आणि दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या बाजूनं जवळजवळ टेबलाला टेकवून मारा, म्हणजे अक्षरांच्या सावल्या पडतात. एकाच नाण्याचे चार फोटो, चारही दिशांनी प्रकाश बदलून. दोन्ही बाजू, आणि कडेचाही एक. फोटोत न दिसणारं पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच फिरवली तर कित्येकदा उमटतं. झेनो म्हणून एक साइट आहे, तिच्यावर पौर्वात्य नाण्यांचे ढिगानं फोटो आहेत, तिथं औरंगजेब शोधून पूर्ण ठसा कसा दिसतो ते दहा-वीस नाण्यांवर बघून घ्या, डोळा लगेच बसायला लागतो. आणि चाचांना परत बोलवा. या वेळी त्यांना सगळं वाचायला सांगू नका, फक्त 'ज़र्ब' शोधून द्या म्हणा, बाकीचं ते पटकन लावतील.

मला आधी तिसऱ्या नाण्याचाच फोटो पाठवा, टॉर्च डाव्या हाताला ठेवून, खालची कड भरून येईल इतक्या जवळून, आणि सोबत वजन. तिथली ती दुसरी उभी काडी पहिलीला तळाशी अडकलेली दिसली की सांगतो.